फायर अलार्मचे काम : आर्किटेक्ट आणि सल्लागारांबरोबर एका टेबलावर कधी बसायचे?

गोदाकाठ

फायर अलार्मचे काम हाती आले की आपल्यातले बरेच जण पहिला फोन करतात केबलच्या डीलरला. माझ्या मते पहिला फोन आर्किटेक्टच्या ऑफिसात जायला हवा आणि त्या फोनवर दोनच गोष्टी मागायला हव्यात: सीलिंगचे ड्रॉइंग, म्हणजे आरसीपी, आणि अग्निशमन विभागाच्या प्रोव्हिजनल एनओसीचे पत्र. नाशिक, पुणे, ठाणे या भागात मी हे काम करतो. इथे नव्याने या धंद्यात आलेली बरीच मुले आहेत, आर्किटेक्ट आणि एमईपी (मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्लंबिंग) सल्लागारही आहेत. सगळ्यांनी आपापल्या बाजूने लिहावे म्हणून हा धागा.

आधी पत्राबद्दल. मोठ्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जातो तेव्हा अग्निशमन विभाग प्रोव्हिजनल एनओसी देतो. त्यात अटी असतात. कुठे डिटेक्शन, कुठे नुसते एमसीपी (हाताने दाबायची लाल पेटी) आणि हूटर (भोंगा), पीए (स्पीकरवरून सूचना देणारी यंत्रणा) हवी का, जिन्यात धूर शिरू नये म्हणून हवेचे प्रेशरायझेशन आहे का, रेफ्यूज एरिया (आगीत थांबायची सुरक्षित जागा) कुठल्या मजल्यावर. हे पत्र आर्किटेक्टच्या फाइलीत असते. सल्लागार त्यावरून टेंडरचा बीओक्यू, म्हणजे कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी, करतो. मग नकाशा सुधारतो, सुधारित पत्र येते, बीओक्यू मात्र जुनाच फिरत राहतो. आपण काम करतो बीओक्यूवरून. फरक उघड होतो अखेरच्या तपासणीला, जेव्हा सीलिंग रंगवून झालेले असते आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार नमुना 'अ' वर सही करते ते परवानाप्राप्त अभिकरण. म्हणजे आपण. ज्या अटींची पूर्तता झाली असे आपण लिहून देतो, त्या अटींचे पत्र आपण वाचलेलेच नसावे, हे मला कधीच पटलेले नाही. पत्र मागितल्यावर आजवर मला कोणा आर्किटेक्टने नाही म्हटलेले नाही.

आता सीलिंग. इथे सर्वाधिक भांडणे होतात आणि इथेच ती सर्वाधिक टाळता येतात. फायर अलार्मचे भारतीय मानक आयएस २१८९ (२००८ ची आवृत्ती) म्हणते की सपाट छताखाली कुठलाही बिंदू स्मोक डिटेक्टरपासून आडव्या अंतरात ७.५ मीटरच्या आत हवा, हीट डिटेक्टरसाठी ५.३ मीटर. चौरस मांडणी केली तर दोन स्मोक डिटेक्टरांमध्ये १०.६ मीटरपर्यंत अंतर चालते. आपण करतो काय, तर १०.६ चा जाळीदार नकाशा टाकतो आणि प्रत्येक ठिपका दगडावरची रेघ असल्यासारखा आर्किटेक्टपुढे ठेवतो. त्यांच्या कोव्हमध्ये (सीलिंगमधल्या खोबणीत), झुंबराच्या मधोमध, लाकडी पट्ट्यांच्या सांध्यावर ठिपका येतो. ते म्हणतात हलवा, आपण म्हणतो कोड आहे. संवाद तिथेच संपतो.

खरे तर बहुतेक खोल्यांत डिटेक्टरला सरकायला भरपूर जागा असते. मी ड्रॉइंगवर ठिपक्याऐवजी पट्टा दाखवतो: या डिटेक्टरला या हिरव्या भागात कुठेही बसवा, बाहेर नको. भिंतीपासून ५०० मिमी सोडून, एसीच्या डिफ्यूझरपासून किमान मीटरभर लांब, तुळईच्या कप्प्यात धूर अडकणार असेल तर त्या कप्प्याला स्वतंत्र डिटेक्टर. एवढे आखून दिले की आर्किटेक्ट स्वतःच त्यात सुंदर जागा शोधतात, दिव्यांच्या रांगेत बसवतात आणि वर आपल्याला तसे सही केलेले ड्रॉइंग मिळते. ज्याला नियम पूर्ण ठाऊक आहे तोच अशी मुभा देऊ शकतो. ज्याला अर्धवट ठाऊक आहे तो एकच ठिपका धरून बसतो.

फॉल्स सीलिंगच्या वरच्या पोकळीबद्दलही आधीच बोलायला हवे. पोकळी ८०० मिमीपेक्षा जास्त असेल तर तिथेही डिटेक्टर लागतात, त्यांचे रिस्पॉन्स इंडिकेटर (कुठला डिटेक्टर लागला ते दाखवणारे दिवे) खाली दिसतील असे लागतात आणि हात घालायला ट्रॅप डोअर लागतात. आर्किटेक्टने डक्टसाठी म्हणून सीलिंग थोडे खाली घेतले, ७५० चे ९०० झाले, की आपले काम आणि खर्च दोन्ही वाढले. त्यांना हे कोणी सांगितलेले नसते. लेव्हल बदलण्यापूर्वी सांगितले तर ते बहुतेकदा बदलतच नाहीत.

स्ट्रक्चरल इंजिनिअरशी आपला संबंध काय, असे एकाने विचारले होते. पोस्ट-टेन्शन स्लॅब असेल तर फार मोठा संबंध आहे. ताणलेल्या केबली स्लॅबच्या आत असतात. कंड्युटचे (वायरच्या नळीचे) क्लॅम्प ठोकताना ड्रिल त्यांच्यावर गेले तर स्लॅबचे बळ जाते आणि ड्रिल धरणाऱ्याच्या जिवावर बेतते. टेंडनची, म्हणजे या केबलींची, आखणी स्लॅबच्या खालच्या बाजूला रंगवून घेणे आणि किती खोल ड्रिल चालेल हे लेखी घेणे, याशिवाय माझी माणसे शिडीवर चढत नाहीत.

तुमचे अनुभव लिहा. आर्किटेक्ट मंडळींनी तर नक्कीच.

रेषाभिंत

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे. हिरव्या पट्ट्याची कल्पना वाचून फार बरे वाटले. आम्हाला हेच हवे असते आणि हेच मिळत नाही.

आमच्याकडे येणारे कंत्राटदार "कोडमध्ये आहे" एवढेच सांगतात. कुठले कलम, ते सांगत नाहीत. मला नियमाशी भांडायचे नसते. मला तो समजून घ्यायचा असतो, कारण पुढच्या प्रकल्पात मी तो पहिल्या स्केचपासून पाळू शकते. कलमाचा क्रमांक आणि चार ओळी एवढे पाठवले तरी माझे काम होते.

वस्तू प्रत्यक्ष दाखवा. कॅटलॉगमधला फोटो आणि हातातला डिटेक्टर यांत फरक पडतो. बेससकट त्याची उंची किती, हूटर भिंतीतून किती बाहेर येतो, एमसीपीची लाल पेटी पुरून बसते की वर. सॅम्पल टेबलावर आला की इंटिरिअर डिझायनरही शांत होतो. बऱ्याच कंपन्यांकडे काळ्या रंगाचे किंवा कमी उंचीचे डिटेक्टर मिळतात हे मला एका कंत्राटदाराने स्वतःहून सांगितले. त्याआधी एका साइटवर पेंटरने आमच्या माणसाच्या सांगण्यावरून डिटेक्टर सीलिंगच्या रंगात रंगवले होते. सगळे बदलावे लागले. रंग लावलेल्या डिटेक्टरच्या जाळीतून धूर आत जाईल याची खात्री कोण देणार?

ॲट्रियमबद्दल एक सांगते. एका मॉलच्या उंच ॲट्रियममध्ये बीम डिटेक्टर (प्रकाशाच्या झोतावरून धूर ओळखणारे) होते, समोरासमोरच्या भिंतींवर. दिवाळीत मार्केटिंगवाल्यांनी मोठाले आकाशकंदील टांगले आणि बीम अडला. अलार्मच्या मुख्य पॅनेलवर फॉल्ट आला आणि सणभर तो भाग बंद करून ठेवला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत जास्त गर्दीच्या दिवसांत. अलार्मच्या ड्रॉइंगवर बीमची रेघ होती, पण सजावटीचे हुक कुठे द्यायचे ते आमच्या ड्रॉइंगवर होते आणि दोन्ही ड्रॉइंगे एकमेकांवर ठेवून कोणी पाहिलीच नाहीत. आता मी बीमचा मार्ग आमच्याच सेक्शनमध्ये लाल पट्ट्याने दाखवते आणि त्यावर लिहिते की या पट्ट्यात काहीही टांगू नये.

विद्युतरेषा

एमईपी सल्लागाराच्या बाजूने लिहितो. गोदाकाठ यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत. पण पहिला फोन आर्किटेक्टला, यावर आक्षेप आहे. प्रकल्पावर सल्लागार असेल तर आधी त्याच्याकडे या. आरसीपीवर दिवे, स्प्रिंकलर, स्पीकर, कॅमेरे, डिफ्यूझर सगळे असतात आणि ते एकमेकांत बसवण्याचे काम आमचे आहे. तुम्ही परस्पर आर्किटेक्टकडून डिटेक्टर हलवून आणता, तो आमच्या स्प्रिंकलरच्या जागी येतो, आणि मग तिसरे ड्रॉइंग निघते.

खरे दुखणे मात्र सीलिंगवर नाही. ते आहे दुसऱ्या यंत्रणांच्या जोडणीत. तिसऱ्या मजल्यावर धूर लागला की काय काय व्हायला हवे ते पाहा. त्या मजल्याचा एएचयू (एसीची हवा फिरवणारे यंत्र) बंद, डक्टमधले फायर डॅम्पर (आग अडवणाऱ्या झडपा) बंद, जिन्याच्या प्रेशरायझेशनचा पंखा सुरू, लिफ्ट तळमजल्यावर येऊन दारे उघडी, ॲक्सेस कंट्रोलची दारे मोकळी, पीएवर सूचना, स्वयंपाकघर असेल तर गॅसचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या ठेकेदाराची आहे आणि हुकूम सोडणार तुमचे पॅनेल.

मी पाहिलेली टेंडरे अशी असतात: अलार्मच्या बीओक्यूत डॅम्परसमोर "जोडणी इतरांच्या कक्षेत" आणि एचव्हीएसीच्या (वातानुकूलनाच्या) बीओक्यूतही "जोडणी इतरांच्या कक्षेत". दोघांनी प्रामाणिकपणे आपापला दर भरला आणि मधली चार मीटर वायर कोणाचीच नाही. डॅम्परचा ॲक्च्युएटर (तो हलवणारी मोटर) २४ व्होल्टचा की २३० चा, पुरवठा कोण देणार, डॅम्पर खरोखर बंद झाला हे परत पॅनेलला कोण सांगणार, हे ठरलेले नसते.

म्हणून कॉज अँड इफेक्ट मॅट्रिक्स. डाव्या बाजूला कारणे: कुठल्या झोनचा डिटेक्टर, एमसीपी, फ्लो स्विच (स्प्रिंकलरच्या पाइपात पाणी वाहू लागल्याचे कळवणारा). वर परिणाम. चौकटीत खूण. मी त्याला आणखी तीन रकाने जोडतो: वायर कोण ओढणार, पोटेन्शियल-फ्री कॉन्टॅक्ट (स्वतःचा वीजदाब नसलेला स्विच) कोण देणार, चाचणीला कोण हजर राहणार. हा तक्ता सल्लागाराने केला नसेल तर कंत्राटदाराने स्वतः करून आणावा. चुकीचा आणलात तरी चालेल, आम्ही दुरुस्त करू. कोरा कागद दुरुस्त करता येत नाही.

आरएफआय, म्हणजे सल्लागाराकडे लेखी माहिती मागणे, याबद्दलही बोलायलाच हवे. "डिटेक्टरची जागा स्पष्ट करावी" असा आरएफआय आला की तो माझ्या टेबलावर पडून राहतो, कारण त्याचे उत्तर द्यायला मला अर्धा दिवस बसावे लागते. "अमुक खोलीत तुळई खोल आहे, म्हणून एकाऐवजी दोन डिटेक्टर सुचवतो, स्केच सोबत, मंजुरी द्यावी" असा आला तर त्याच दिवशी सही होते. एका आरएफआयमध्ये एकच प्रश्न आणि त्याचे तुम्हाला वाटणारे उत्तर.

उद्वाहक

लिफ्टच्या बाजूने थोडे. कॉन्टॅक्ट आम्ही देतो तो कंट्रोलरजवळ, म्हणजे मशीन रूममध्ये, आणि मशीन रूम नसलेल्या लिफ्टला बहुधा वरच्या मजल्याच्या पॅनेलमध्ये. अलार्मवाले जोडणीचे मॉड्यूल बसवतात तळमजल्यावर. मधली उंची कोणाच्याही ड्रॉइंगमध्ये नसते. शाफ्टमधून परकी वायर न्यायला आम्ही परवानगी देत नाही, तेव्हा इलेक्ट्रिकल डक्टमधूनच कंड्युट आणावे लागते आणि ते स्लॅबचे स्लीव्ह (आरपार भोके) ठेवतानाच ठरवावे लागते.

एकदा तळमजल्याच्याच लॉबीत धूर असेल तर लिफ्ट कुठे न्यायची, हेही विचारून घ्या. हा प्रश्न आम्हाला कमिशनिंगच्या दिवशी विचारला जातो.

मुळाकाठचा_योगेश

सगळे वाचले. खूप शिकायला मिळाले, पण माझ्यासारख्या लहान सब-कॉन्ट्रॅक्टरची अडचण वेगळी आहे. मी थेट आर्किटेक्टला फोन केला की मुख्य ठेकेदार चिडतो. म्हणतो, तू माझ्याशी बोल. मुख्य ठेकेदाराला विचारले की तो म्हणतो पीएमसीला (प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराला) विचारतो. तिकडून उत्तर येत नाही आणि जिप्समवाला सीलिंग बंद करून मोकळा होतो. मग कटआउट मी मारायचे, धूळ माझी, पुट्टीचा डेबिट माझ्या आरए (चालू कामाच्या) बिलात. दादा, तुमच्या नावावर आर्किटेक्ट फोन उचलतात. आमचा कोण उचलणार?

गोदाकाठ

@विद्युतरेषा, तुमचा आक्षेप मान्य. सल्लागार असेल तर आधी सल्लागार. मी लिहिताना डोळ्यांसमोर लहान-मध्यम प्रकल्प होते, जिथे एमईपी सल्लागार टेंडरपर्यंत असतो आणि पुढे आर्किटेक्टच सगळे पाहतात. मॅट्रिक्सचे तीन जादा रकाने मी उद्यापासून वापरणार.

@योगेश, मुख्य ठेकेदाराला वगळून जाऊ नकोस. करार त्याच्याशी आहे, उद्या बिल त्याच्याकडूनच निघणार आहे. पण वाट बंद नाही. साइटवर आठवड्याची कोऑर्डिनेशन मीटिंग असते. तिला सब-कॉन्ट्रॅक्टरला बोलवत नाहीत, कारण तो मागत नाही. मुख्य ठेकेदाराला लेखी विचार की माझ्या विषयापुरते अर्धा तास मला बसू दे. त्याचाही त्रास वाचणार आहे हे त्याला पटव. मीटिंगला जाताना प्रश्नांची यादी नेऊ नकोस, आरसीपीवर खुणा केलेली प्रिंट ने. आर्किटेक्ट रेघ बघून बोलतात. मिनिट्समध्ये आपला मुद्दा आला की तो सगळ्यांपर्यंत पोहोचला. पुढे उशीर झाला तर तारीख तुझ्या बाजूने बोलते.

सीलिंग बंद होण्याचा प्रश्न तर जिप्समवाल्याशीच सुटतो. त्याच्या फोरमनशी आधी बोल. कुठल्या मजल्यावर कधी बोर्ड लागणार ते त्यालाच माहीत असते. बोर्ड लागण्यापूर्वी वायर टाकून, लूपची (सगळी उपकरणे पॅनेलला जोडणाऱ्या वायरची) कंटिन्यूटी आणि इन्सुलेशन तपासून, त्या मजल्याचा सीलिंग बंद करण्याचा परवाना म्हणून एक साधा कागद कर: अलार्म, स्प्रिंकलर, एचव्हीएसी, इलेक्ट्रिकल, सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बोर्ड नाही. अनेक मोठ्या साइटवर अशी पद्धत असतेच. नसेल तिथे तू सुचव. आर्किटेक्ट पहिली सही करतील, कारण तयार सीलिंग पुन्हा फोडलेले त्यांना आपल्याहून जास्त खुपते.

रेषाभिंत

@योगेश, आर्किटेक्टच्या बाजूनेही सांगते. फोन उचलला जात नाही त्यामागे माणूस लहान आहे हे कारण नसते. दिवसभर दहा साइटवरून "मॅडम, जरा सांगा ना" असे फोन येतात आणि फोनवर सांगितलेले नंतर कोणाच्या लक्षात राहत नाही. खुणा केलेली पीडीएफ ईमेलने, मुख्य ठेकेदाराला कॉपीत ठेवून, विषयात मजला आणि खोली लिहून पाठवलीत, तर मी रात्री का होईना उत्तर देते. शॉप ड्रॉइंग (तुमचे कामाचे ड्रॉइंग) आमच्याच आरसीपीवर वेगळ्या लेयरमध्ये काढा. आमच्या जुन्या आवृत्तीवर काढलेले शॉप ड्रॉइंग आले की पहिल्यापासून सगळे तपासावे लागते, म्हणून ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली रिव्हिजन बघत जा.

आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनाही एक विनंती. पार्टिशन हलवले की अलार्मवाल्याला कळवा. छतापर्यंत जाणारे पार्टिशन टाकले की एका खोलीच्या दोन झाल्या आणि त्यातली एक डिटेक्टरविना राहिली. ऑफिसांच्या फिट-आउटमध्ये हे सर्रास घडते. जागा भाड्याने गेली की नवा इंटिरिअर डिझायनर, नवा ठेकेदार, आणि इमारतीचा मूळ अलार्म कोणाला ठाऊक नसतो.

शुश्रूषा

मी रुग्णालयाच्या प्रशासनात काम करते, विदर्भात. तुमच्या धंद्यातली नाही, तरी लिहावेसे वाटले.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ बाळे होती, त्यातली १० गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांचे फायर ऑडिट झाले, आमचेही झाले आणि आमच्याकडे नवी यंत्रणा बसली. काम चांगले झाले. पण हस्तांतर झाल्यावर पहिल्या मॉक ड्रिलला पॅनेलवर जे अक्षर उमटले ते असे होते: लूप दोन, उपकरण सत्तेचाळीस, खोली ३-१४. आमच्या रात्रपाळीच्या सिस्टरला ३-१४ म्हणजे काय हे कसे कळणार? तो क्रमांक आर्किटेक्टच्या नकाशावरचा होता. आम्ही त्या खोलीला "स्टेप-डाउन" म्हणतो, आणि दारावरची पाटी आणखी तिसरीच आहे. वॉर्डात बाळे हलवायची असतील तर सिस्टरला क्षणात कळायला हवे की धूर कुठे आहे आणि कुठल्या दाराने बाहेर पडायचे.

आणखी एक विचारायचे आहे. एका डिटेक्टरवर सगळ्या रुग्णालयात भोंगे वाजले तर आयसीयूतले नातेवाईक घाबरून जिन्याकडे धावतात. पण भोंगा उशिरा वाजला तर? हे कोण ठरवते? आमच्याकडे याबद्दल आम्हाला कोणीच विचारले नव्हते.

विद्युतरेषा

@शुश्रूषा, तुम्ही नेमके ते लिहिलेत जे ड्रॉइंगवर कधीच दिसत नाही.

भोंग्याचे उत्तर: रुग्णालयात टप्प्याटप्प्याने अलार्म देतात. पहिल्या डिटेक्टरवर फक्त नर्सिंग स्टेशन आणि सुरक्षा कक्षाला इशारा. दुसरा डिटेक्टर लागला, किंवा कोणी एमसीपी दाबला, किंवा ठरलेल्या वेळात पहिल्या इशाऱ्याला कोणी उत्तर दिले नाही, तर त्या विभागात पूर्ण अलार्म आणि शेजारच्या विभागात सावधानतेची सूचना. रुग्णांना आधी त्याच मजल्यावर फायर डोअरपलीकडच्या सुरक्षित भागात सरकवतात. म्हणजे आर्किटेक्टने जिथे फायर डोअर दिले तिथेच आमच्या अलार्मच्या झोनची हद्द पडायला हवी. झोनचा नकाशा आणि कंपार्टमेंटचा नकाशा जुळला नाही तर पूर्ण यंत्रणा चालू असूनही चुकीच्या दिशेने माणसे जातील. "ठरलेली वेळ" किती, हे रात्रपाळीला किती माणसे असतात त्यावर अवलंबून आहे आणि ते रुग्णालयाने, अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संमतीने, ठरवायचे. कंत्राटदाराने ती वेळ स्वतःच्या मनाने पॅनेलमध्ये भरू नये.

आवाजाची पातळीही तपासून घ्या. सर्वसाधारणपणे ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या आवाजापेक्षा ५ डेसिबल जास्त, जे अधिक असेल ते. झोपलेल्या माणसाला उठवायचे असेल तिथे उशाशी ७५. वसतिगृह किंवा हॉटेलात खोलीचे दार बंद करून मोजा. जाड लाकडी फायर डोअर लागल्यावर कॉरिडॉरचा हूटर आत ऐकू येत नाही, आणि दाराची निवड आर्किटेक्टने नंतर केलेली असते.

गोदाकाठ

खोल्यांच्या नावांबद्दल मी एवढेच म्हणेन की हे काम पैशाने शून्य आणि परिणामाने सर्वांत मोठे आहे. प्रोग्रामिंग करण्यापूर्वी उपकरणांची यादी छापा, तिच्यात एक रकाना रिकामा सोडा आणि जो माणूस ती इमारत वापरणार आहे त्याच्याकडून तो भरून घ्या. रुग्णालयात मुख्य परिचारिका, शाळेत पर्यवेक्षक, कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. आर्किटेक्टला विनंती करा की दारावरच्या पाट्यांचे वेळापत्रक त्याच नावांनी निघू दे. मग नकाशा, पाटी आणि पॅनेल एकच बोली बोलतील. पॅनेलशेजारी मराठीत लिहिलेला झोनचा नकाशा लावा, बघणाऱ्याच्या दिशेने वळवलेला, म्हणजे त्याच्या उजव्या हाताचा जिना नकाशावरही उजवीकडे हवा.

आखाती_सावंतवाडीकर

दुबईत फायर अलार्मच्या डिझाइनचे काम करतो. इथे सिव्हिल डिफेन्सने मान्यता दिलेल्या कंपन्यांनाच काम करता येते आणि ड्रॉइंग मंजूर झाल्याशिवाय साइटवर काम सुरू होत नाही. नंतर जागा हलवायची तर पुन्हा मंजुरी. त्यामुळे आर्किटेक्ट, सल्लागार आणि कंत्राटदार आपोआप आधी बसतात. शिवाय इमारतीचा अलार्म 'हसंतुक' यंत्रणेमार्फत चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षाला जोडतात. खोटा अलार्म वारंवार गेला की मालकाला उत्तर द्यावे लागते. म्हणून स्वयंपाकघराशेजारी किंवा शॉवरच्या दारासमोर स्मोक डिटेक्टर येणार नाही याची काळजी आर्किटेक्ट स्वतः घेतो. आपल्याकडे वाफेने वारंवार वाजणारा डिटेक्टर कोणीतरी पिशवी बांधून बंद करतो. जागा आधीच नीट निवडली असती तर पिशवी लागली नसती.

सचिव_डोंबिवली

आमच्या सोसायटीची व्यथा इथे बसते का पाहा. बिल्डर जाऊन बरीच वर्षे झाली. पॅनेलवर फॉल्ट दिसतो. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा नमुना 'ब' दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो म्हणून नवीन अभिकरण बोलावले. ते म्हणतात ॲज-बिल्ट, म्हणजे प्रत्यक्ष बसवले तसे, ड्रॉइंग द्या. आर्किटेक्टच्या ऑफिसात चौकशी केली, त्यांच्याकडे फक्त बांधकामाचे नकाशे. जुन्या कंत्राटदाराकडे पॅनेलचा पासवर्ड आहे आणि तो म्हणतो एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मलाच द्या. काय करावे?

गोदाकाठ

@सचिव, इथेच बसते. नमुना 'अ' च्या दिवशी जे द्यायचे राहिले ते तुम्ही आज सोसता आहात.

आत्ता करायचे ते असे. नव्या अभिकरणाला आधी पाहणीचे वेगळे काम द्या, दुरुस्तीचे नको. ते लूप कुठून कुठे जाते ते शोधतील, प्रत्येक उपकरणाला क्रमांक चिकटवतील आणि नकाशा काढतील. पॅनेलच्या कंपनीला सोसायटीच्या लेटरहेडवर मालकीच्या पुराव्यासह लिहा. बऱ्याच पॅनेलांत कंपनीचा अधिकृत माणूस पासवर्ड नव्याने टाकू शकतो, फक्त जुने प्रोग्रामिंग पुसले जाणार का हे आधी विचारा आणि पुसले जाणार असेल तर पाहणी पूर्ण झाल्यावरच हात लावू द्या. तोवर पॅनेलवर दिसणाऱ्या फॉल्टचा फोटो काढून नोंद ठेवा आणि त्या भागात वॉचमनची फेरी वाढवा.

पासवर्ड अडवून एएमसी मिळवणे मला अत्यंत चुकीचे वाटते. यंत्रणा मालकाची आहे आणि आत माणसे राहतात. आमच्या हस्तांतराच्या संचात या गोष्टी असतातच: ॲज-बिल्ट पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी, उपकरणांची यादी, सह्या झालेले मॅट्रिक्स आणि त्याच्या चाचणीचा अहवाल, बॅटरीचे गणित, प्रोग्रामचा बॅकअप, आणि सीलबंद पाकिटात पासवर्ड. पाकिटाची पोच घेतो. यामुळे एकही एएमसी गेलेली नाही.

रेषाभिंत

हा संच मी आमच्या स्पेसिफिकेशनमध्ये जसाच्या तसा घालते आहे, आणि अखेरचे बिल प्रमाणित करण्याआधी पाकिटाची पोच पाहणार. @गोदाकाठ, ॲज-बिल्टची एक प्रत आमच्या ऑफिसलाही द्यावी अशी ओळ घालू का? सोसायट्या आधी आमच्याकडेच येतात.

गोदाकाठ

जरूर घाला. आणि त्यात ट्रॅप डोअर कुठे आहेत तेही दाखवायला सांगा. सीलिंग पुन्हा रंगवले की ते दिसेनासे होतात.

मुळाकाठचा_योगेश

मुख्य ठेकेदाराने शुक्रवारच्या मीटिंगला बसायला हो म्हटले आहे. हिरवे पट्टे काढायला घेतले. एका हॉलमध्ये तिरपे छत आहे, तिथे ७.५ तसेच धरायचे का?

विद्युतरेषा

तिरप्या छताला वरच्या टोकाजवळ डिटेक्टरची एक रांग हवी, धूर तिथेच जमतो. सेक्शन टाका इथे, उतार किती आहे ते पाहून सांगतो.